गुरुवार, पाच दहा

पटवेकर दर गुरुवारी जग बुडवतात.
नळ स्टॉपजवळ, दुसऱ्या मजल्यावर,
खाली मसाल्याचा डंक चालू असताना,
कोचावर आडवे, छताच्या डागाकडे बघत:
धरण फुटलं. डेक्कन गेलं. लकडी पूल गेला.
पाणी पर्वतीच्या सत्त्याऐंशीव्या पायरीशी थांबतं.
पायरी दर वेळी तीच.

"वाचतं कोण?"
"मी."
डंक. डंक.
"आणि आईची सुटकेस."
"धाकटा भाऊ?"
"तो स्वारगेटला असतो ना."
स्वारगेट नेहमी आधी बुडतं.

दोन वर्षं मी हे लिहून घेतलं.
आज ते भिंतीकडे वळले.
सात वर्षांचा होतो. शाळेतून आलो तर कुलूप.
शेजारच्या काकू म्हणाल्या, गेली रे,
सुटकेस घेऊन. धाकट्याला तेवढं नेलं.
आभाळ कोरडं ठाक होतं, मॅडम.
एक थेंब नव्हता.

वेळ संपली. जाताना त्यांनी छत्री घेतली,
डिसेंबरात.

रात्री म्हात्रे पुलावर मी स्कूटर थांबवली.
खाली नदी, म्हणजे जलपर्णी आणि वास.
सहज, थोडं पाणी चढवून पाहिलं.
एरंडवणं गेलं. माझं घर गेलं, दिवे चालू असतानाच.
आणि ते कुठे थांबवायचं
हे मला कधीचंच पाठ होतं.