दहावा

आमच्यात माणसं मोजत नाहीत.
दहा शब्दांचं एक वचन आहे,
एकेका डोक्यावर एकेक शब्द ठेवत जायचं,
वचन पुरं झालं की प्रार्थना सुरू.
त्या बुधवारी शेवटचा शब्द
माझ्या तोंडातच राहिला.

ऑगस्ट. मोन्तेव्हिदेओत ऐन हिवाळा.
नदी इतकी रुंद की समुद्रच म्हणावं,
आणि तिच्यावरून आलेला वारा
सिनेगॉगच्या दाराची कडी वाजवत होता.
नऊ जण, हीटर एक.
म्हाताऱ्या बेखारानोनं कोट काढलाच नव्हता.
त्याच्या बायकोला जाऊन त्या दिवशी वर्ष झालं,
आणि गेलेल्यांसाठीची प्रार्थना
नऊ जणांत म्हणता येत नाही.

"नतान येतो म्हणाला होता," कुणी म्हणालं.
"नतान आता कुठला येतोय," कुणी म्हणालं.
मग सगळेच हीटरकडे बघू लागले.

सांगूनच टाकतो.
मार्चमध्ये नतान माझ्या दुकानात आला होता
(कुलपांचं दुकान माझं, किल्ल्या करून देतो)
आणि म्हणाला, सालोमोन, रात्री भिंतीतून
मला माझंच नाव ऐकू येतं.
मी किल्ली घासत होतो. मान वर न करता म्हटलं,
स्तोत्रं वाच. गोळ्यांनी माणूस मठ्ठ होतो.
देवावर भार टाक.
त्यानं भार टाकला.
गोळ्याही टाकल्या.
एप्रिलमध्ये पोलिसांना तो सापडला
किनाऱ्याच्या कठड्यावर, अनवाणी.
नाव विचारलं तर सांगेना.

"तो येत नसेल तर आपण जाऊ,"
बेखारानो म्हणाला. कोट अंगात होताच त्याच्या.

चार मजले. लिफ्ट बंद.
दर वळणावर कुणीतरी दम खात थांबलेलं,
पुस्तकं सुपरमार्केटच्या पिशवीत.
दार बहिणीनं उघडलं. फोर्तुनानं.
तिनं आम्हाला एकेक करून बघितलं.
"माझा पाय मोडला तेव्हा," ती म्हणाली,
"तुमच्या घरांतून अकरा वेळा जेवण आलं.
ह्याच्या वेळी चार महिन्यांत
ही बेलसुद्धा वाजली नाही."
कुणी उत्तर दिलं नाही.
लेवीनं टोपी काढली, मग आठवलं
प्रार्थनेला टोपी लागते, परत घातली.

खोलीत पडदे ओढलेले. नतान भिंतीकडे तोंड करून.
दाराशीच वाद सुरू झाला, हळू आवाजात:
झोपलेला माणूस दहांत धरता येतो का?
एक म्हणे येतो, एक म्हणे छे,
तिसऱ्याला कुठल्याशा जुन्या पंडिताचं मत आठवलं,
तेही अर्धंच.
पांघरुणातून आवाज आला,
"मी झोपलेलो नाही."

मग मी वचन पुन्हा सुरू केलं.
नऊ शब्द नऊ डोक्यांवर,
दहावा त्याच्या निळ्या पांघरुणावर
अलगद.

बेखारानोचा आवाज मध्येच फाटला.
आम्ही 'आमेन' म्हटलं.
त्यानंतर, बऱ्याच उशिरा,
भिंतीकडून आणखी एक आमेन आलं.
तोवर पुढची ओळ कुणीच सुरू केली नव्हती.

नतान बरा झाला, असं लिहिलं तर खोटं होईल.
गोळ्या पुन्हा चालू आहेत. हात कापतात,
कॉफी बशीत सांडते.
एक मंगळवार सोडून एका मंगळवारी
मी दुकान बंद करतो, त्याला इस्पितळात नेतो,
हिरव्या बाकावर बसून राहतो.
डॉक्टरीणबाई आत काय बोलतात, मी विचारत नाही.
एकदा त्यानंच विचारलं,
"तुला ऐकू येतो का रे तो आवाज?"
म्हटलं, नाही.
पण तुला येतो, हे माहीत आहे मला.
तेव्हा तो पहिल्यांदा बाकाला टेकून बसला.

गेल्या बुधवारी आम्ही अकरा जण जमलो होतो.
त्याच्यावाचून अडलं नसतं.
तरी बेखारानो बाहेर गेला,
फाटकाशी वाऱ्यात उभा राहिला,
गळ्यापर्यंत बटणं लावून,
रस्त्याच्या त्या टोकाकडे बघत.