दिवेलागणीच्या आत

परवान्यावर लिहिलंय: लांबी एकवीस मीटर.
देवदार उभा होता तेव्हा तिला उंची म्हणत,
मान वर करून बघत, गप्प होत.
आडवा झाला की परवाना लागतो.

मी फेन्या कानिगन. पुढची गाडी माझी.
छपरावर फिरता पिवळा दिवा, बंपरवर पाटी.
माझं काम समोरून येणाऱ्याला एवढंच सांगायचं
की बाबा रे, मी गेले म्हणजे संपलं असं समजू नकोस.

मधे ट्रक, डेलचा.
पार मागे, खांबांच्या शेपटाखाली,
चाकांच्या जोडीवर लोखंडी खुर्चीत ल्यूका,
त्याच्या हाती दुसरं स्टिअरिंग.
डेल डावीकडे वळला की यानं शेपूट उजवीकडे काढायचं,
नाहीतर अकरा खांब कड्याला घासत जातील.
त्याला रस्ता दिसत नाही, खांबच दिसतात.
मी रेडिओवर म्हणते, "पूल. अरुंद."
तो म्हणतो, "हं."

साखळ्या पाच. थोडं अंतर गेलं की उतरायचं,
पुन्हा आवळायच्या. लाकूड प्रवासात अंग चोरतं.
शेवटच्या टोकाला लाल कापड,
हातभर लांब, हातभर रुंद,
फाटकं चालत नाही, मळकं चालत नाही.
ल्यूका ते दर रविवारी धुतो. इस्त्रीसुद्धा करतो.
एकोणऐंशी साली त्याच्या भावाला एका संध्याकाळी
मोटरसायकलवरून एक टोक दिसलं नव्हतं.
हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं.

आणि सूर्यास्ताआधी अर्धा तास: थांबा.

त्या दिवशी घाटात दरड आली, दोन तास खाल्ले.
खांब ऑस्प्रे लँडिंगचे. तिथले जुने वणव्यात गेलेले,
गाव आठ दिवस अंधारात.
तळ्याच्या वरच्या अंगाला खडीची मोकळी जागा आहे,
तिथे मी इंडिकेटर दिला.
डेल उतरून आला. "तीन किलोमीटर, फेन्या.
कोण बघतंय?"
खरंच कुणी बघत नव्हतं.
गाव कुठे आहे तेही दिसत नव्हतं.
मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात
ल्यूकानं कापड सोडलं, घडी केली,
आणि त्या जागी लाल दिवा टांगला.

मग गावच आलं, चालत.
मालाशाबाई बोर्शचं पातेलं घेऊन,
दोन पोरं, मरत आलेला टॉर्च,
आणि एक माणूस, चिडलेला:
"आईचं इन्शुलिन आहे माझ्याकडे, बर्फ संपलाय.
तीन किलोमीटर!"
मी परवाना पुढे केला.
अंधारात त्याला तो वाचता येईना.
मग मीच वाचून दाखवला, फोनच्या उजेडात, ओळ न् ओळ,
आणि वाचताना माझाच आवाज मला परका वाटला.
तो थुंकला. गेला.
तासाभरानं परत आला, बाह्या ओल्या.
डबा तळ्यात ठेवलाय म्हणाला, दगडाखाली, खोल.
बोर्श घेतलं त्यानं. माझ्याशी बोलला नाही.

मालाशाबाई बुंध्याच्या तोंडावर बोट फिरवत
वर्षं मोजत होत्या. नव्वदपाशी चुकल्या,
पुन्हा पहिल्यापासून.
पोरं विचारत होती, "आमचा कुठला?"
त्या रात्री तळ्याच्या त्या काठाला
शेपटावरचा लाल दिवा तेवढा होता.

उजाडायच्या अर्धा तास आधी इंजिन.
ल्यूकानं कापड बांधलं.
दुपारपर्यंत चार खांब उभे राहिले,
बाकीचे उद्या, म्हणाले लाइनवाले.
इन्शुलिनवाला कुठे दिसला नाही.
मी दोनदा पाहिलं.

रिकामा ट्रेलर घडी घालून पाठीवर चढवतात.
परतताना आम्ही आखूड. पाटी झाकलेली, दिवा बंद,
कुणी आमच्यासाठी बाजूला झालं नाही.
ल्यूका माझ्या शेजारच्या सीटवर, मांडीवर कापड,
पहिल्यांदाच समोरचा रस्ता बघत.
एका वळणावर त्याचे हात
आपोआप उजवीकडे गेले.