एक्केचाळीस नंबरची

डिसेंबर. विस्कॉन्सिन. खिडकीबाहेर आजोबांचा गोठा,
छपरावर हातभर बर्फ.
पूर्वी तो टिकायचा नाही, खालून त्रेसष्ट गायींची ऊब लागायची.

ओट्यावर मी पाच वाडगे मांडलेत.
बिटाचा गुलाबी.
पालकाचा हिरवा, जरा हात सैल सुटला
की बिस्किटाला शेताची चव येते.
हळदीचा पिवळा, तो माझ्या नखांत मंगळवारपर्यंत मुक्कामाला.
कोकोचा, जवळजवळ काळा.
आणि लाल कोबी उकळून काढलेलं जांभळं पाणी,
त्यात सोड्याचे चार कण टाकले मात्र,
निळं!
असं निळं की इंगवाल्ड आजोबांनी पेपर खाली ठेवला.
"हे कोबीत होतं?"
"होतं."
"आणि आम्ही सत्तर वर्षं त्याला नुसतं आंबवत बसलो."

पांढऱ्यासाठी काबुली चण्यांच्या डब्यातलं पाणी.
घुसळत राहिलं की फुगतं, शिखरं धरतं.
अंडं नाही, लोणी नाही,
तिसरा शब्द मी या घरात हळू उच्चारते,
नुकत्याच गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं तसा.
बावन्न वर्षं पहाटे चारला उठले आजोबा,
अजून उठतात,
कॉफी करतात आणि अंधाराकडे बघत बसतात.
मी दूध का सोडलं, त्यांनी कधी विचारलं नाही.
तीन वर्षं माझं उत्तर तयार आहे,
आता त्याला वास यायला लागला असेल.

चांदणी, सुरूचं झाड, हातमोजा.
रग्ना आजीच्या साच्यांतला एक
मी मुद्दाम खणातच राहू दिला होता.
आजोबांनी तो न शोधता काढला.
पत्र्याची गाय, एक शिंग चेपलेलं.
"हिनं काय केलंय?"
मी काही बोलले नाही. गाय कापली. भाजली.

मग त्यांनी आयसिंगची पिशवी मागितली.
मी शिकवणार होते कशी धरायची.
अंगठा आणि पहिलं बोट वर आवळलेलं,
मग मधलं, मग अनामिका, मग करंगळी,
एकेक बोट मिटत खाली.
धार आली. सरळ, न तुटता,
चण्याच्या पाण्याची, पांढरी.
दोघांनीही तिच्याकडे बघितलं
आणि दोघांनीही काही म्हटलं नाही.

कोकोचे ठिपके द्यायला घेतले, आणि थांबले.
"ही मर्टल होत नाही."
"कोण मर्टल?"
"एक्केचाळीस नंबरची. तिचा मोठा ठिपका उजव्या अंगाला होता,
कढई उपडी घातल्यासारखा.
ही डावीकडे तोंड करून उभी आहे. हिचं उजवं अंग
ताटलीला चिकटलंय."
माझा साचा एकाच बाजूला बघतो,
मला हे कधी दिसलंच नव्हतं.

पीठ पुन्हा लाटलं.
कच्ची गाय त्यांनी उलथन्यावर घेतली
आणि अलगद पालथी केली, पाय सांभाळून.
अकरा मिनिटं आम्ही ओव्हनच्या काचेसमोर उभे.
गार होईपर्यंत त्यांनी एक निळी चांदणी खाल्ली.
"लोणी नाही ते कळतं," म्हणाले.
मग दुसरी घेतली.

मर्टल झाली. नंतर सतरा नंबरची,
जी दार उघडायला शिकली होती.
नंतर आंधळी होत चाललेली एक, तिचं नाव त्यांनी सांगितलं नाही,
फक्त डोळ्याभोवती थोडा बिटाचा रंग लावला.
पीठ नऊ गायींना पुरलं.
नऊ जणी जाळीवर, निम्म्या इकडे बघणाऱ्या, निम्म्या तिकडे,
ओळखू येतील अशा.

ख्रिसमसला ताईची मुलं येणार, ती शेपटीपासून सुरुवात करतील,
हे मी बोलून दाखवलं.
"करू देत," आजोबा म्हणाले, "बिस्किटंच आहेत."
बोटावरचा कोको चाटला.
जाळीवर नजर फिरवून काहीतरी मोजलं,
ओठ हलत होते.
मग कोट शोधत विचारलं,
"दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?"