रकाना

रात्रीचे साडेनऊ. तिच्याकडे सकाळचे अकरा,
आणि बर्फ, असं ती म्हणते.
मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलाय,
तिला कधी माझं कपाळच दिसतं, कधी नुसती हनुवटी.
मैथिली प्रश्न वाचते, मी उत्तरं देतो.
जन्मगाव? बडोदा. फॉर्मात वडोदरा.
क्षयरोग? नाही.
सैन्यात होता? नाही.
पोलिसात? नाही.
पुढचा ती अर्धाच वाचते:
कुठल्याही देशात अटक, गुन्हा, शिक्षा...
"हे काय, नाहीच टाकते,"
आणि मी म्हणतो, थांब.

मेथी निवडणारे तिच्या आईचे हात थांबतात.
हिला ठाऊक आहे. लग्न ठरण्याआधी
सूरसागरच्या काठावर हिच्या वडिलांना
मी उभ्याउभ्या सांगून टाकलं होतं.
ते म्हणाले, बरं केलंत,
आणि चण्याच्या दोन पुड्या घेतल्या.
त्यानंतर या घरात तो विषय
माळ्यावरच्या घंगाळासारखा.
आहे हे दोघांना माहीत,
काढलं कुणीच नाही.

अलकापुरीतला एजंट परवा म्हणाला,
काका, ना लखी दो ने, कोण जोवानुं छे?
चाळीस वर्षं झाली, कागद वाळवीनं खाल्ले असतील.
मी कोर्टात जाऊन आलो.
रेकॉर्डच्या कारकुनानं तीन दिवस फिरवलं,
चौथ्या दिवशी गठ्ठा सोडला.
शेजारच्या सगळ्यांचे खाल्ले होते.
माझा कोरा करकरीत.

ऐक, मैथिली.
शहाऐंशी साल. मी टेम्पो चालवायचो.
खंडेराव मार्केटच्या मागे, माल उतरवण्यावरून.
बावीस रुपये भाड्याचे.
जशभाई राणाला मी जॅकचा दांडा मारला.
एकदा.
त्याचा डावा कान गेला.
मी चौदा महिने आत होतो.

मला रंधा धरायला शिकवणारा उस्ताद
डभोईचा होता, हे खरं.
पण मला भेटला तो आत. जन्मठेपेवर होता.
तुझं अभ्यासाचं टेबल,
ज्याच्या खणात तू खडूचे तुकडे
आणि चिमणीचं पीस लपवायचीस,
त्याला एकही खिळा नाही,
म्हणून तू मैत्रिणींना मिरवून दाखवायचीस.
ते सांधे तिथले.

पडदा गोठल्यासारखा. नेट गेलं का,
असं मी विचारणार, तेवढ्यात ती पापणी लववते.
पोटावरचा हात तसाच. सातवा लागलाय.
तिच्या मागे कुठेतरी हीटर गुरगुरतो.
मला वाटतं आता ती म्हणेल, नंतर बोलू.

"ते काका आहेत अजून?"
आहेत. फतेपुऱ्यात.
कुणी बोलायला लागलं की उजवा कान पुढे करतात.
दिवाळीत मी त्यांच्या ओट्यासमोरून जातो,
ते मान हलवतात.
त्या हलवण्याला काय म्हणायचं
हे मला अजून कळलेलं नाही.

"कलम किती, बाबा?"
तीनशे पंचवीस.
"निकालाची तारीख?"
ती मला तुझ्या वाढदिवसासारखी पाठ आहे.
हे मी बोलत नाही, नुसती तारीख सांगतो.
ती 'हो'वर टिचकी मारते,
आणि म्हणते, खाली रकाना उघडला,
तपशील मागतायत, जागा बेताचीच आहे,
थोडक्यात सांगा.

थोडक्यात.

मी सांगत जातो. ती टाइप करते.
कळांचा आवाज समुद्र ओलांडून
आमच्या ओट्यावर पडतो, चिंचोक्यांसारखा.
राणाला एन एक की दोन, ती विचारते.
तिची आई पुन्हा मेथी घेते,
काड्या ताटात, पानं सुपात,
आणि मान वर न करता
म्हणते,
"एकदा नाही गं. दोनदा लिही."