दहापट

बोहरी आळीत, सुतळी आणि वजनकाट्यांच्या मधे
मुर्तझाभाईंचं दुकान, दोन माणसं रुंद.
भिंग हवंय, म्हटलं.
कशासाठी? घड्याळ, खडे, तिकिटं?
शेवाळासाठी.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
"शेवाळ," असं स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं
आणि मागचा खण उघडला.

तसं एक आहे माझ्याकडे, पितळी, घडीचं.
अठ्ठावीस वर्षं मिलच्या तपासणी खात्यात
त्यातून इंचातले धागे मोजले, उभे, मग आडवे.
पण ते ताणलेल्या कापडावर उभं राहायला शिकलंय,
आणि वेताळ टेकडीवर
शेवाळ कुणी इस्त्री करून ठेवत नाही.

पहिलं, पेपर वाचायचं, पुरीएवढं.
त्यात सगळं दिसतं
आणि कशाच्याच जवळ गेल्यासारखं वाटत नाही.
मग वीसपटीचं. मोहरीच्या दाण्यात
अख्खा डोळा घालायचा, तिथे अंधार,
आणि अंधारात थडथडणारी
ती माझीच नाडी.

मग त्यांनी काउंटरवर एक दुर्बीण ठेवली,
एकाच डोळ्याची, बोटभर.
"दीड फुटावरून बघा, बाई. वाकायला नको."
पायरी चढताना माझा गुडघा त्यांनी बघितला होता तर.
लावली. समोरच्या गाठोड्यावर
काथ्याचा एकेक केस, त्यावरून जाणारी मुंगी,
तिला मी आहे याचा पत्ताही नाही.
बेचाळीसशे.
आणि शेजारी, स्टीलच्या टरफलात मिटलेलं
दहापटीचं भिंग, साडेसहाशे.
पुण्याचं माणूस या दोन आकड्यांच्या मधे
पाऊण तास सहज बसू शकतं. मी बसले.
चहा आला. तोही अर्धाच.

"याला डोळ्याशी चिकटवायचं," ते म्हणाले,
"आणि मग वस्तूकडे आपण जायचं.
बोटभर अंतर. त्याहून लांब ते काही देत नाही."
गुडघ्याने नको म्हटलं.
मी साडेसहाशे मोजले, वर दहा रुपयांची काळी दोरी.

दिवाळी उलटल्यावर, खाणीच्या ओल्या कडेला
वाकणं जमेना, बसणं जमेना,
म्हणून सरळ पालथी पडले.
श्वासाने काच धुरकटली. पदराने पुसली. पुन्हा.
आणि मग एकदम ते आलं समोर:
तांबूस देठ, प्रत्येकाची मान किंचित वाकडी,
शेंड्याला फुगीर बोंड,
एका देठाला धरून थेंब, त्यात उलटं आकाश,
आकाशात माझी पापणी.

किती वेळ गेला कोण जाणे.
"अहो, चक्कर आली का? पाणी देऊ? कुणाला फोन करू?"
बुटांचे तीन जोड, एक काठी,
आणि कानटोपीतले एक गृहस्थ, आडनाव केंजळे,
हे त्यांनी न विचारता सांगितलं.
पडले नाही, म्हटलं. बघतेय.
काय?
दोरी गळ्यातून काढायची राहिली,
तशीच भिंग पुढे केलं.

ते हळूहळू, हाडं मोजत, खाली आले.
दोरी आखूड. कानाला कान लागेल
इतकं जवळ गेल्या कित्येक वर्षांत
कुणी आलं नव्हतं. अमृतांजनाचा वास.
चालणारे दोघं पुढे निघून गेले.
केंजळे काही बोलेनात, मग म्हणाले,
"टोप्या आहेत हो यांना, टोकदार,"
आणि दुसरा हात नकळत
स्वतःच्या डोक्याकडे गेला.