कोरम

वर्षातून चारदा मी सतरंजी झटकायचो.
एकच. तीही अर्धी दुमडलेलीच राहायची.
सरपंच, ग्रामसेवक, ठेकेदाराचा मेहुणा,
आणि सावलीला आलेला एखादा कुत्रा.
मग रजिस्टर माझ्याकडे सरकायचं,
"गमरे, शंभर करा."
मी करायचो. निळ्या पेनानं, काळ्या पेनानं,
थोड्या डाव्या हातानं.
सगळ्या गावाचं अक्षर माझं होतं.

मग जेटीवरच्या दिव्यांचं निघालं.
बिलं तीन, दिवे सोळा,
आणि पहाटे लिलावाला बायका
मोबाइल दातांत धरून बांगडे मोजत होत्या.
सुकटवाल्यांचा बचत गट, शनिवारी वीस रुपयांचा.
हिशेब मोहल्ल्यातली फातिमा होडेकर लिहायची.
तिनं दहाचं तिकीट लावून अर्ज केला.

झेरॉक्स आल्या. वाचनालयाच्या ओट्यावर
त्यांनी त्या मोठ्यानं वाचल्या,
पाटीतली मासळी निवडावी तशी नावं निवडत.
"धर्मा पोशा चोगले. सही."
द्वारका सुकट पाखडत होती. थांबली.
"माझा धर्मा वादळात गेला.
होडीची फळी तेवढी आली किनाऱ्याला.
आणि सही? त्याला निस्ता अंगठा यायचा.
ज्यानं त्याला सही शिकवली
त्याला म्हणावं, घरची वाट पण शिकव."

मी खिडकीआड होतो,
किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळून.

सव्वीस जानेवारीला सतरंजी पुरी उलगडली.
शाळेतली आणली, विहारातली आणली,
मशिदीतून चटया आल्या,
तरी माणसं उभीच.
शेवटी कुणी रापणीचं जाळं अंथरलं.

सभा काही देखणी नव्हती.
गटारावरून दोन वाड्या
एकमेकींच्या आईबापापर्यंत गेल्या.
मेहुणा ओरडला, "ह्या बायकांना शिकवतं कोण?"
फातिमा म्हणाली, "शनिवारचे वीस रुपये."

रजिस्टर फिरलं. किती वेळ फिरलं!
ओल्या बोटांनी, उलटं धरून, चौकटीबाहेर.
द्वारकेनं अंगठा दाबला
आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.
मी उठलो.
"विषय क्रमांक सात, आयत्या वेळचा.
ती सही माझी आहे."

सोळातले अकरा दिवे आता लागतात.
उरलेल्या पाचांचं विचारणं चालू आहे,
माझी चौकशीही.
सतरंज्या नवा पोरगा झटकतो,
खवले निघत नाहीत म्हणून कुरकुरतो.
मी जाळ्यावर बसतो, सही करतो.
हात अजून थरथरतो जरा,
एकच नाव लिहायची सवय नाही त्याला.