पिवळी प्रत

कन्ना चौकातून आत, पिठाच्या गिरणीला लागून
इरण्णा हलकुडेचा छापखाना.
शाई आणि ज्वारीचं पीठ
एकाच पंख्याखाली फिरतं.

"किती प्रती?"
तीन. पांढरी व्यापाऱ्याला,
गुलाबी टेम्पोबरोबर,
पिवळी पुस्तकातच राहील, आमच्याकडं.
पन्नास संचांचं एक, अशी दहा पुस्तकं.
आणि कार्बन नको. मागच्या उन्हाळ्यात
टॉवेलच्या पांढऱ्या काठाला निळी बोटं लागली,
चार डझन परत आले.

"मग बिनकार्बनचा घ्या की ओ,
वर लिवा, खाली आपोआप उमटतंय बगा."
मी लिहिते: श्यामला.
उचलून बघते. गुलाबीवर श्यामला,
पिवळीवरही श्यामला,
जरा लांबून चालत आल्यासारखी.

नंबर कुठून टाकू?
एकपासून, मी म्हणते.
तो चष्मा कपाळावर चढवतो.
"एक नंबरचं चलन बघितलं की
पार्टी पैसे दाबून ठेवती, ताई.
कालच दुकान उघडलंय वाटतं त्यांना."
मग आम्ही दोघं मिळून ठरवतो
की मी याआधी
दोन हजार सहाशे पन्नास वेळा माल पाठवलाय.

तळाला बारीक अक्षरात:
चूकभूल देणे घेणे.
त्याखाली: सोलापूर न्यायकक्षेच्या अधीन.
हे छापायला कशाला हवं?
पाणी चार दिवसांआड, ऊन रोज,
आम्ही अधीनच आहोत.

उजवीकडं दोन चौकटी.
माल देणार. माल घेणार.
इथं मी अडते.

शिलाईच्या आठ मशिनी माझ्या,
घड्या घालायला राजम्मा गुंडेटी.
गठ्ठे मोजून तीच देते, सही तिची लागते,
आणि ती अंगठा लावते.

इरण्णा मान हलवतो.
या कागदाला पेनाचं टोक लागतं.
अंगठा वरच्यावरच राहणार.
पांढरी तो घेऊन बाजारात जाईल,
आमच्याकडं उरेल
कोरी चौकट.

तसंही राजम्माच्या अंगठ्यात काय राहिलंय?
तीस वर्षं विड्या वळल्या तिनं;
रेशनच्या मशिनला तिचं बोट
बोट वाटत नाही.

चौकट मोठी करा, मी म्हणते.
एवढंच सुचतं.
"मोठी म्हंजे?"
काडेपेटीएवढी.
निम्मे पैसे आगाऊ. आठ दिवस म्हणाला,
अकरा लावले.

पुस्तकं आली. भोकांची रेघ सरळ,
चिलवेरीचं मात्र चिल्लवेरी झालेलं.
राहू दे. जास्तीच्या ल-चे
त्यानं पैसे लावले नाहीत.

पहिलंच चलन, २६५१.
राजम्मापुढं पेन धरलं.
"वद्दम्मा," म्हणाली, हात पदराला पुसले.
टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.
मग तिनं स्टूल ओढलं,
जीभ दातांत धरली
आणि काडेपेटीएवढ्या चौकटीत
धोटा काढला.
दोन्हीकडं टोकदार, मधे कांडीची जागा.
नवऱ्याच्या मागावरचा असणार;
तो माग केव्हाच
किलोवर गेला.

गुलाबीवर धोटा. पिवळीवर धोटा.
माल गेला.

मधे पुठ्ठा सरकवायला मी विसरले होते.
आणि तिनं दाबलं होतं असं,
की संध्याकाळी पान उलटलं तर
२६५२.
पांढरी स्वच्छ, बाजारात जाणारी.
पण तिच्याखाली गुलाबीवर,
गुलाबीखाली पिवळीवर,
फिकट निळा,
तिरका धोटा.

माल अजून शिवायचाय.